दहा बोर्ड चालले, आता हजार काढायचेत: फाइली पाठवण्याआधी काय काय तपासावं?

निळी_वायर (धागाकर्ता)

बॅटरीवर चालणाऱ्या आवाज-सेन्सरचा बोर्ड आहे. चार थर, ६० × ४० मिमी, जाडी १.६ मिमी. एकूण १४२ भाग, त्यांपैकी १३३ पुढच्या बाजूला आणि ९ मागे. मुख्य कंट्रोलर ७ × ७ मिमीचा क्यूएफएन-४८ (बाहेर पाय नसलेली, खाली पॅड असलेली ४८ पिनांची चिप), पिच (शेजारच्या पिनांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर) ०.५ मिमी. चार्जर ९ गोळ्यांचा डब्ल्यूएलसीएसपी (खाली सोल्डरच्या गोळ्या असलेली अगदी छोटी चिप), पिच ०.४. बाकी बहुतेक ०४०२ मापाचे (१.० × ०.५ मिमी) रेझिस्टर-कपॅसिटर. शिवाय यूएसबी-सी, खालून छिद्र असलेला मेम्स माइक (सिलिकॉनवर बनवलेला सूक्ष्म माइक), ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, बोर्डावरच छापलेला ब्लूटूथ अँटेना आणि बॅटरीसाठी दोन पायांचा थ्रू-होल (पाय बोर्डाच्या भोकांतून जाणारा) कनेक्टर. वर एबीएसचा दोन भागांचा डबा, तो अल्ट्रासोनिक वेल्डिंगने बंद करायचा बेत आहे.

दहा नमुने व्यवस्थित चालतात. डीआरसीत (मांडणीचे नियम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत) एकही चूक नाही. गर्बर (थरांची चित्रं), ड्रिल, पिक-अँड-प्लेस फाइल (कुठला भाग कुठे बसवायचा ते), बीओएम (भागांची यादी) तयार. पहिली बॅच १००० नगांची. ऑर्डर देण्याआधी आणखी काय बघावं?

डाखवाला

डीआरसी स्वच्छ याचा अर्थ नुसता बोर्ड तयार होईल. त्यावर भाग नीट बसतील का आणि बसलेले तपासता येतील का, हे डीआरसीला कळत नाही.

आधी हिशेब करा. १४२ भागांचे साधारण ४२० सोल्डर जोड धरू. दर दहा लाख जोडांमागे ५० खराब निघाले, तर हजार बोर्डांत सुमारे २१ जोड खराब, म्हणजे जवळजवळ तेवढेच बोर्ड दुरुस्तीला. तोच आकडा ३०० झाला की ११८ बोर्ड. दहा नमुन्यांत या दोन्ही परिस्थिती हुबेहूब सारख्या दिसू शकतात, त्यामुळे ‘दहाही चालले’ याला फारसं वजन देऊ नका. ५० आणि ३०० मधला फरक बहुतांशी पॅडचा आकार, स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट छापायचा खिडक्या पाडलेला पातळ पत्रा) आणि मांडणी ठरवते. कारखान्याच्या हातात त्यानंतरचं उरतं.

आता पहिला प्रश्न: मागच्या बाजूचे ते ९ भाग तिथे का आहेत?

निळी_वायर

जागा पुरली नाही म्हणून. ६ डिकपलिंग कपॅसिटर (चिपचा पॉवर पुरवठा स्थिर ठेवणारे), २ रेझिस्टर, १ ईएसडी डायोड (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा).

डाखवाला

ते पुढे आणा. नऊ भागांसाठी दुसरी स्टेन्सिल, मशीनचा दुसरा प्रोग्रॅम, ओव्हनमधून दुसरी फेरी आणि दुसऱ्यांदा तपासणी, एवढं सगळं ओढवून घेताय. चार थरांच्या बोर्डाला आत सलग ग्राउंड असतो, त्यामुळे कपॅसिटर चिपच्या बरोबर खालीच हवा असं नाही. पुढच्या बाजूला पॉवरच्या पिनेपासून दीड-दोन मिमीवर, स्वतःच्या ग्राउंड व्हायासकट (व्हाया म्हणजे थर जोडणारं तांबं चढवलेलं भोक), तो आपलं काम करतो. ईएसडी डायोड मात्र यूएसबी कनेक्टरला चिकटूनच हवा. ट्रॅक आधी डायोडच्या पॅडवरून जावा आणि मग चिपकडे. फाटा काढून डायोड बाजूला टांगला तर त्या फाट्याच्या इंडक्टन्समुळे झटक्याचा मोठा हिस्सा चिपपर्यंत पोचतोच.

मागची बाजू मोकळी झाली की ती टेस्ट पॉइंटांसाठी (तपासणीची पिन टेकवायच्या उघड्या पॅडांसाठी) वापरा. त्यावर खाली कोणीतरी लिहीलच.

मोजपट्टी

स्टेन्सिलचं मी घेतो.

नियम असा: पेस्टच्या खिडकीचं क्षेत्रफळ भागिले तिच्या भिंतींचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर ०.६६ पेक्षा जास्त हवं. कमी झालं की पेस्ट पॅडवर उतरण्याऐवजी स्टेन्सिलच्या भिंतीला चिकटून राहते. गोल किंवा चौकोनी खिडकीसाठी सूत्र सोपं आहे: रुंदी ÷ (४ × जाडी).

तुमच्या चार्जरची खिडकी ०.२५ मिमी. स्टेन्सिल ०.१२ जाडीची असेल तर ०.२५ ÷ ०.४८ = ०.५२. नापास. ०.१० जाडीला ०.६२५, काठावर. ०.०८ ला ०.७८, उत्तम, पण मग यूएसबीच्या आणि इतर मोठ्या पॅडांना पेस्ट कमी पडते. अशा बोर्डाला ०.१० जाडीची, आतून पॉलिश केलेली स्टेन्सिल घ्यावी. चार्जरच्या खिडक्या गोल न ठेवता कोपरे किंचित गोलावलेल्या चौकोनी ठेवाव्यात (गुणोत्तर तेच राहतं, पेस्ट मात्र जास्त बसते) आणि पेस्ट टाइप ४ ची, म्हणजे २० ते ३८ मायक्रॉन कणांची मागावी. क्यूएफएनच्या ०.२५ × ०.८ पॅडांना याच जाडीत ०.९५ मिळतं, तिथे काळजी नाही.

क्यूएफएनच्या पोटाखालचा मोठा पॅड हे खरं दुखणं आहे. लायब्ररीत बहुतेक वेळा त्यावर पेस्टची एकच अखंड खिडकी असते. तेवढी पेस्ट वितळली की चिप तिच्यावर होडीसारखी तरंगते आणि कडेच्या पिना सुटतात. पॅड ५.२ × ५.२ असेल तर १.३ मिमीच्या ९ खिडक्या पाडा: ९ × १.६९ = १५.२ चौ. मिमी, म्हणजे पॅडचा ५६ टक्के भाग. ५० ते ७० टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालेल. उष्णता खाली नेणारे व्हाया खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यांत घाला, खिडकीखाली नको. उघडा व्हाया पेस्टखाली आला की सोल्डर भोकातून पलीकडे उतरतं.

तिसरा_खिळा

+१. आणि चार्जरच्या मधल्या गोळीचा ट्रॅक कसा बाहेर काढलाय? ०.४ पिचला दोन पॅडांमध्ये फक्त ०.१५ मिमी उरतात.

निळी_वायर

मधल्या पॅडमध्येच व्हाया घातलाय. ०.२ मिमी भोक.

तिसरा_खिळा

भरून वरून तांब्याने बंद केलेला, की उघडा?

निळी_वायर

फॅब्रिकेशनच्या टिपेत तसं काही लिहिलेलं नाही. म्हणजे उघडाच असावा.

तिसरा_खिळा

मग ती गोळी कधी पकडेल, कधी नाही. एवढ्या छोट्या पॅडवरचं सोल्डर भोकात ओढलं गेलं की जोड उपाशी राहतो. वाईट म्हणजे तो टेबलावर चालतो आणि ऊन-थंडीच्या काही फेऱ्यांनंतर सुटतो. दोन वाटा आहेत. एक, व्हाया रेझिनने भरून त्यावर तांब्याचा थर चढवून घ्यायचा. आयपीसी-४७६१ या व्हायांच्या मानकात याला टाइप ७ म्हणतात, फॅब्रिकेशनच्या टिपेत हेच शब्द लिहा. दोन, तोच चार्जर क्यूएफएन किंवा डीएफएन पॅकेजमध्ये मिळतो का पाहा. ६० × ४० च्या बोर्डावर ३ × ३ मिमीची चिप सहज मावते. मी दुसरी वाट धरेन. एका चिपसाठी सगळ्या बोर्डाची प्रक्रिया महाग होते, आणि त्या चिपचे जोड डोळ्यांना दिसत नसल्याने एक्स-रे लागतो तो वेगळाच.

शून्य_ओहम

पॅनेलबद्दल (अनेक बोर्ड एकत्र असलेल्या मोठ्या तुकड्याबद्दल) अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

६० × ४० चा सुटा बोर्ड मशीनच्या पट्ट्यांवर नीट बसत नाही, त्यामुळे पॅनेल लागणारच. दोन लांब कडांना निदान ५ मिमीच्या पट्ट्या ठेवा, त्यांवर ३ फिड्युशियल (मशीनच्या कॅमेऱ्याला जागा दाखवणाऱ्या खुणा): १ मिमीचा तांब्याचा गोल, भोवती २ ते ३ मिमी व्यासाचा, मास्क (सोल्डर अडवणारा लेप) नसलेला भाग. तिन्ही सममित ठेवू नका. एक मुद्दाम सरकवा, म्हणजे पॅनेल उलटं घातलं तर मशीनच नकार देईल. शिवाय चार्जर आणि कंट्रोलर यांच्या कर्णांवर दोन-दोन स्थानिक फिड्युशियल.

बोर्ड एकमेकांपासून सोडवायचे कसे, हा खरा प्रश्न. व्ही-कट (बोर्डांमधली व्ही आकाराची खाच) स्वस्त, पण तो सरळ रेषेतच आणि पॅनेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तुमचा यूएसबी कनेक्टर बोर्डाच्या कडेबाहेर डोकावत असणार, म्हणजे त्या बाजूला व्ही-कट बाद. तिथे रूटरने फट पाडून मध्ये छिद्रांच्या नाजूक जोड-पट्ट्या, ज्यांना सगळे ‘माऊस बाइट’ म्हणतात, त्या ठेवाव्या लागतील. ०.५ मिमीची पाच भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत ०.८. ही भोकं बोर्डाच्या बाह्यरेषेच्या किंचित आत घ्या. नाहीतर तोडल्यावर जे दात उरतात ते डब्याच्या भिंतीला टेकतात आणि बोर्ड तिरका बसतो.

दुसरं, तुटण्याच्या रेषेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर. बोर्ड वाकला की त्यांना पॅडच्या कडेपासून तिरकी चीर जाते. ती बाहेरून दिसत नाही, आणि लगेच काही बिघडतही नाही. काही आठवड्यांनी दमट हवा आत शिरली की कपॅसिटर शॉर्ट होतो. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये असा कपॅसिटर असेल तर बोर्ड जळतो. नियम: तुटण्याच्या रेषेपासून ५ मिमीच्या आत १२०६ सारखा मोठा कपॅसिटर नको. जवळ ठेवावाच लागला तर त्याची लांबी रेषेला समांतर ठेवा, काटकोनात नको. बॅटरीच्या वाटेवर लवचीक टोकांचा कपॅसिटर घ्या, बीओएममध्ये ‘सॉफ्ट टर्मिनेशन’ असं स्पष्ट लिहून. हाताने मोडणं तर पूर्ण बंद.

डाखवाला

रूटरने सोडवताना एक गोष्ट: फायबरग्लासची धूळ थेट माइकच्या छिद्रात जाते. छिद्रावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेपची टिकली लावून ठेवा आणि अगदी शेवटी काढा. आणि त्या छिद्रावर हवेचा झोत किंवा व्हॅक्यूम मारायचा नाही, हे असेंब्लीच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहा. पडदा फाटतो.

मोजपट्टी

माइकच्या छिद्राभोवतीच्या सोल्डरच्या कड्याची पेस्टही तपासा. जास्त झाली तर छिद्रात उतरते, कमी झाली तर हवा गळते आणि आवाजाची पातळी नगागणिक बदलते. पेस्टची खिडकी अखंड वर्तुळाकार पाडता येत नाही (मधला तुकडा स्टेन्सिलमधून सुटून पडेल), तिचे चार कमानीसारखे तुकडे करावे लागतात.

अर्धवाहक

बीओएमकडे वळू. नमुन्यांचा आणि बॅचचा बोर्ड एकच असतो, त्यावरचे भाग मात्र खरेदी विभाग बदलतो, आणि तोही चांगल्या हेतूने. त्यामुळे दर ओळीला उत्पादकाचा पूर्ण भाग क्रमांक आणि तुम्ही स्वतः तपासलेले एक-दोन पर्याय लिहा. ज्याला पर्याय नाही तिथे ‘बदल चालणार नाही’ असं लिहा. रकाना रिकामा ठेवला तर तो कोणीतरी भरतोच.

कुठे फसगत होते ते सांगतो.

सिरॅमिक कपॅसिटर: १० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, एक्स५आर, ०४०२. हा ५ व्होल्टवर बसवला की निम्म्याहून कमी उरतो, कारण डीसी दाबाखाली या डायइलेक्ट्रिकची धारकता घसरते. तेच लेबल असलेला दुसऱ्या कंपनीचा कपॅसिटर किती घसरेल ते वेगळं. ‘तीच व्हॅल्यू, तोच व्होल्टेज’ ही पर्यायाची व्याख्या इथे चालत नाही, वक्र पाहावा लागतो. चार्जरच्या आउटपुटला ०६०३ किंवा ०८०५ घ्या.

३२.७६८ चा क्रिस्टल: लोड कपॅसिटन्स १२.५, ९, ७ किंवा ६ पिकोफॅरड असू शकते, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. चुकीचा आला तर घड्याळ पुढे-मागे धावतं. २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. कमी शक्तीच्या ऑसिलेटरवर १२.५ वाला थंडीत सुरूच होत नाही, असंही होतं.

फ्लॅश चिप: पिना त्याच, पण ओळख क्रमांक वेगळा आणि क्वाड मोड (एकदम चार रेषांवरून वाचन) चालू करण्याचा बिट वेगळ्या जागी. फर्मवेअर एकच क्रमांक ओळखत असेल तर लाइनवर प्रोग्रॅमिंग अडतं. पर्यायी चिप आत्ताच आणून तिच्यावर फर्मवेअर चालवून बघा.

एलईडी: हिरवा ठिपका काही कंपन्या कॅथोडला देतात, काही अॅनोडला. पर्याय लिहिताना ध्रुवता चित्रासकट द्या.

आणि मापाचा घोळ. ०४०२ ही इंचातली खूण, म्हणजे १.० × ०.५ मिमी. मेट्रिकमध्येही ०४०२ आहे, पण तो इंचातला ०१००५: ०.४ × ०.२ मिमी. नुसतं ‘०४०२’ न लिहिता भाग क्रमांकावर भिस्त ठेवा.

निळी_वायर

०४०२ च्या ऐवजी सगळं ०६०३ करावं का? काही जण तसा सल्ला देतात.

अर्धवाहक

हाताने दुरुस्ती सोपी जाते एवढाच फायदा. मशीनला ०४०२ जड नाही. जागा आहे तिथे करा, नाही तिथे अट्टहास नको.

शून्य_ओहम

इथे थोडा असहमत. ०४०२ मध्ये एक टोक वर उठून भाग थडग्यासारखा उभा राहण्याचं प्रमाण ०६०३ पेक्षा जास्त असतं. अर्थात मूळ कारण आकारापेक्षा पॅडच्या दोन बाजूंतला फरक. एक पॅड थेट ग्राउंडच्या पसाऱ्यात बुडालेला आणि दुसऱ्याला बारीक ट्रॅक, मग बारीक ट्रॅकवाल्या बाजूची पेस्ट आधी वितळते आणि भागाला ओढून उभं करते. पसाऱ्यातल्या प्रत्येक ०४०२ पॅडला ०.२ ते ०.२५ मिमीच्या काड्यांनी जोडा, म्हणजे थर्मल रिलीफ द्या. डीआरसीला यात काहीच चूक दिसत नाही, डोळ्यांनीच शोधावं लागतं. तुमच्या बोर्डावर ०४०२ शंभराच्या आसपास असतील, तासाभराचं काम.

अर्धवाहक

ते मान्य. आणखी एक: वेगवेगळ्या ओळी कमी करा. प्रत्येक वेगळ्या भागाला मशीनवर एक फीडर (रिळातले भाग पुढे सरकवणारा) लागतो. ४.७ के, ५.१ के आणि १० के असे तीन पुल-अप (रेषेला पॉवरकडे ओढून धरणारे रेझिस्टर) असतील तर बहुतेक ठिकाणी तिन्हींचं काम १० के करतो (चिपांना जोडणाऱ्या आयस्क्वेअरसी बसच्या दोन रेषा सोडून). प्रत्येक रीळ चढवण्यात वेळ जातो आणि चुकीचं रीळ चढण्याची एक संधी वाढते.

भाग मोजून १००० मागवू नका. पट्टीचं पुढचं टोक आणि मशीनने टाकून दिलेले भाग धरून ०४०२ साठी ओळीला निदान शे-दीडशे जादा ठेवा. चिपसाठी दहा-वीस पुरतील.

निळी_वायर

बॅटरीच्या कनेक्टरचं काय करावं? तो एकच थ्रू-होल आहे.

डाखवाला

एका भागासाठी वेगळं टेबल, वेगळा माणूस, वेगळी तपासणी. तोच कनेक्टर सरफेस माउंटमध्ये (भोकाशिवाय, पॅडवरच सोल्डर होणारा) घ्या, मात्र दोन बाजूंना सोल्डर होणारे यांत्रिक पाय असलेला. नाहीतर वायर ओढली की पॅडच उपटून येतो. थ्रू-होलच ठेवायचा असेल तर भोकावर पेस्ट छापून ओव्हनमध्येच पकडवता येतो, पण त्यासाठी प्लॅस्टिक २६० °से सोसणारं हवं. एलसीपी चालतं. पीबीटी चालत नाही, ते २२३ च्या आसपास वितळतं आणि शिसंरहित सोल्डरच्या ओव्हनचं शिखर २३५ ते २५० असतं.

दोन पायांच्या बॅटरी कनेक्टरमध्ये लाल वायर कुठल्या बाजूला, याचा सर्वांनी पाळलेला एकच नियम नाही. सेल पुरवणारा बदलला की धन-ऋण उलटू शकतं. सेलच्या चित्रात कनेक्टर समोरून दाखवून ध्रुवता लिहा आणि बोर्डावर उलट जोडणीपासून वाचवणारा पी-चॅनेल मॉसफेट ठेवा.

तिसरा_खिळा

आता टेस्ट. बहुतेक जण याचा विचार बोर्ड हातात आल्यावर करतात, आणि तेव्हा जिगचा (बोर्ड धरून तपासणाऱ्या साच्याचा) खिळा, म्हणजे स्प्रिंगची पिन, टेकवायला जागाच उरलेली नसते.

मागची बाजू मोकळी झाली आहे, तर सगळे टेस्ट पॉइंट तिथेच. व्यास १ मिमी, एकमेकांपासून २.५४. अगदीच अडलं तर १.२७, पण त्या अंतराच्या खिळे-पिना बारीक असतात आणि लवकर वाकतात. बोर्डाच्या कडेपासून ३ मिमी आत. पेस्ट नको, मास्क उघडा. जिगमध्ये बोर्ड एकाच जागी बसावा म्हणून दोन भोकं, तांबं नसलेली.

किती पॉइंट? प्रत्येक पॉवर रेल (पुरवठ्याची रेषा), ग्राउंडचे निदान तीन-चार, प्रोग्रॅमिंगच्या रेषा, रीसेट, यूएआरटी (सीरियल संवादाच्या रेषा), बॅटरी मोजणाऱ्या डिव्हायडरचा मधला बिंदू, चार्जरची स्थिती सांगणारी पिन. तुमच्या बोर्डाला २२ ते २५ पुरतील. प्रत्येक खिळा साधारण १५० ग्रॅमने दाबतो, म्हणजे २५ खिळ्यांचा मिळून पावणेचार किलो दाब. वरून आधार नीट दिला नाही तर बोर्ड वाकतो आणि वर सांगितलेल्या चिरा जिगमध्येच पडतात. तपासणीनेच माल खराब व्हायचा हा प्रकार.

क्रम असा ठेवा:
१. पॉवर देण्याआधी प्रत्येक रेलचा ग्राउंडशी रोध मोजा. शॉर्ट असेल तर इथेच थांबायचं.
२. प्रवाहाची मर्यादा २०० मिलिअँपिअर ठेवून पॉवर, मग रेलचे व्होल्टेज.
३. प्रोग्रॅमिंग, अनुक्रमांक, ब्लूटूथचा पत्ता.
४. चार्जरला यूएसबीचे ५ व्होल्ट देऊन बॅटरीकडे जाणारा प्रवाह.
५. माइकसमोर ठरलेल्या आवाजाचा १ किलोहर्ट्झचा सूर.
६. ब्लूटूथची सिग्नल पातळी, झाकलेल्या पेटीत. नाहीतर शेजारच्या जिगमधला बोर्ड उत्तर देतो.
७. झोपेतला प्रवाह.

सातवा मुद्दा कधीच गाळू नका. चिरलेला कपॅसिटर, बोर्डावर राहिलेला फ्लक्स, अर्धवट मेलेली चिप, सगळे इथे पकडले जातात. साध्या मल्टिमीटरने मोजू नका. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये त्याच्या आतल्या रोधावर इतका व्होल्टेज पडतो की रेडिओ जागा होताच बोर्ड रीसेट होतो. १० ओहमचा शंट (प्रवाह मोजायचा रेझिस्टर) आणि त्याला समांतर मॉसफेट: जागेपणी मॉसफेट चालू, झोपेत बंद.

मर्यादा डेटाशीटवरून ठरवू नका. पहिल्या ५० चांगल्या बोर्डांचं मोजमाप घ्या. सगळे १६ ते २० मायक्रोअँपिअरमध्ये असतील तर मर्यादा २५ ठेवा, भले तुमची गरज ६० ची असेना. ४० दाखवणारा बोर्ड आज चालतोय, पण त्यात काहीतरी बिनसलेलं आहे.

मोजपट्टी

वेळेचाही हिशेब मांडा. एका बोर्डाला ९० सेकंद धरले तर १००० बोर्डांना एका जिगवर सलग २५ तास. त्यांतले ४० सेकंद फर्मवेअर भरण्यातच जात असतील तर आधी छोटा टेस्ट प्रोग्रॅम भरा आणि पूर्ण फर्मवेअर चार-चार बोर्डांना एकदम. किंवा चिप आधीच प्रोग्रॅम करून घ्या, मात्र मग फर्मवेअरची आवृत्ती रीळ बनण्याच्या दिवशीच गोठते.

अर्धवाहक

फ्लक्सचा विषय निघालाच आहे तर: ‘नो-क्लीन’ फ्लक्स धुवायची गरज नसते, कारण ओव्हनच्या उष्णतेने तो निष्क्रिय होऊन जागीच बंदिस्त होतो. दुरुस्तीच्या वेळी हाताने लावलेला जादाचा फ्लक्स पुरेसा तापत नाही, आणि ब्रश-अल्कोहोलने अर्धवट पुसला की तो पसरून आणखी गळतीच्या वाटा तयार करतो. बॅटरी मोजण्यासाठी मेगाओहमचे रेझिस्टर वापरले असतील तर दमट हवेत वाचन सरकतं. एक तर नीट धुवा, नाहीतर हातच लावू नका. आणि माइक बसवलेला बोर्ड धुता येत नाही, हे विसरायचं नाही.

शून्य_ओहम

डब्याच्या अल्ट्रासोनिक वेल्डिंगवर कुणीच काही बोललं नाही? ३२.७६८ चा क्रिस्टल आत ट्यूनिंग फोर्कसारखा असतो. वेल्डिंगची कंपनं २० ते ४० किलोहर्ट्झची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वारंवारतेच्या आसपासची. फोर्क तुटतो किंवा त्याचा रोध वाढतो. मेम्स माइकलाही हीच भीती. बरं, हे घडतं डबा कायमचा बंद होताना, सगळ्या तपासण्या पार पडल्यावर. स्क्रू किंवा खटक्याने बसणारं झाकण हाच सरळ उपाय. वेल्डिंगच हवं असेल तर बंद डब्यातल्या नगाची ब्लूटूथवरून घड्याळ आणि माइक यांची पुन्हा चाचणी ठेवा.

मोजपट्टी

डब्याचं थोडक्यात. भिंत २ मिमी असेल तर आतल्या रिब १ ते १.२ मिमीच्या. जाड केल्या तर बाहेरच्या बाजूला खड्डा दिसतो. साच्यातून सुटायला निदान १° उतार, खरखरीत पोत असेल तर जास्त. बोर्ड कडांवर टेकवू नका, भोकांवर बसवा, एक गोल आणि एक लांबट. कडेची चूक ±०.२ मिमीपर्यंत जाते, ड्रिलची त्याहून कमी. यूएसबी-सीच्या प्लगचं रबरी आवरण कमाल १२.३५ × ६.५ मिमी असतं. भिंत जाड आणि भोक फक्त धातूच्या तोंडाएवढं ठेवलं तर प्लग पूर्ण आत जात नाही, चार्जिंग कधी लागतं, कधी नाही.

निळी_वायर

बराच बदल दिसतोय. मागचे भाग पुढे, चार्जर क्यूएफएन, कनेक्टर सरफेस माउंट, झाकण स्क्रूचं, पॅनेल रूटरचं. हे करून सरळ १००० काढावेत का?

तिसरा_खिळा

नाही. मांडणी बदलली म्हणजे बोर्ड नवा झाला, जुन्या दहा नमुन्यांचा पुरावा संपला. ५० काढा, पण खऱ्या पॅनेलमध्ये, खऱ्या स्टेन्सिलने, त्याच लाइनवर आणि बॅचसाठी आणलेल्या रिळांतलेच भाग वापरून. हाताने जोडलेले ५० यासाठी निरुपयोगी. पहिल्या पॅनेलनंतर लाइन थांबवून क्यूएफएनचा एक्स-रे आणि प्रत्येक ध्रुवता असलेल्या भागाची चित्राशी तुलना. मग उरलेली पॅनेलं. उरलेल्या ९५० चे भाग आधीच आणून ठेवा, फक्त ओलाव्याला नाजूक चिपांची पाकिटं फोडू नका. एमएसएल (ओलाव्याच्या नाजूकपणाची पातळी) ३ ची चिप पाकीट फोडल्यापासून ३० °से आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तास टिकते. त्यापुढे भाजून घ्यावी लागते, नाहीतर ओव्हनमध्ये आतल्या वाफेने फुगून तडकते.

निळी_वायर

अँटेनाची जागा तीच राहील. तो पुन्हा मोजावा लागेल का?

शून्य_ओहम

हो, आणि डब्यात बसवून, बॅटरी जागेवर ठेवून. प्लॅस्टिक जवळ आलं की अनुनाद खाली सरकतो. मागचे भाग पुढे आणताना अँटेनाजवळचा ग्राउंडचा आकार बदलला असेल तर आणखी सरकेल. अँटेनाच्या जुळवणीसाठी π या ग्रीक अक्षराच्या आकारात तीन भागांच्या जागा बोर्डावर ठेवा. आत्ता मधल्या जागी ० ओहम, बाजूच्या दोन रिकाम्या आणि बीओएममध्ये ‘बसवू नये’ अशी नोंद. फॅब्रिकेशनच्या टिपेत थरांची रचना जाडीसकट लिहा आणि ५० ओहमची रेषा कोणती ते दाखवा. प्रीप्रेग (थरांमधलं रेझिन-काचेचं इन्सुलेशन) बदललं की त्या रेषेची रुंदीही बदलावी लागते, आणि तो बदल विचारल्याशिवाय करू नये असं त्याच ओळीत लिहा. पॅनेलमध्ये मोजू नका. कडेच्या पट्टीचं तांबं अँटेनाला लागून असतं, आकडा खोटा येतो.